जुन्या घाटाची नवी मोटार : कारागिराने आधी काय तपासावे?

रमजान ईद झाली की आपल्याकडे लग्नांचे दिवस सुरू होतात. कापडवाल्यांची धावपळ असते, मंडपवाल्यांची असते आणि अलीकडे मोटारवाल्यांचीही असते. दूल्हा घोड्याऐवजी उघड्या टपाची, लांब नाकाची, तारेच्या चाकांची मोटार मागतो. लोक तिला 'व्हिंटेज' म्हणतात. वास्तविक ती व्हिंटेज नसते. एखाद्या जुन्या जिप्सीच्या किंवा जीपच्या चासीवर फायबरची बॉडी चढवून, पुढे मोठे गोल दिवे लावून ती भोसरी, चिखली, मोशी अशा भागातील शेडमध्ये तयार होते. तयार करणारे हात पुष्कळदा आपल्याच समाजातील वेल्डर, डेंटर, पेंटर आणि सीटमेकर यांचे असतात.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो माझ्या भाच्यामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतील शेड आणि गाळे पाडले गेले, त्यात त्याचेही फॅब्रिकेशनचे काम बंद पडले. नंतर त्याने मोशीजवळ भाड्याने जागा घेतली. काही महिन्यांनी तो दुकानावर आला आणि म्हणाला, "मामू, दोन गाड्यांची ऑर्डर आहे. एका लॉनवाल्याला १९३५ सालच्या घाटाच्या स्पोर्ट्स मोटारी पाहिजेत. एका गाडीचे सहा लाख. दीड लाख बयाना मिळालाय. तुम्ही चार लाख घाला, नफा-नुकसान दोघांचे." शिरकतीचा सौदा म्हटल्यावर मी नाही म्हणण्याचे कारण नव्हते. मी एवढेच विचारले, "बेटा, गाडी रस्त्यावर चालेल का?" तो म्हणाला, "आरसी आहे ना. जुन्या जिप्सीची."

या उत्तराने माझी झोप गेली. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यामुळे मला इतके कळते की, गाठोड्याच्या आत दुसराच माल निघाला तर वरच्या चिठ्ठीचा काही उपयोग नसतो. मी आठ-दहा दिवस घालवून, वकिलाला आणि मोटार कारखान्यात आयुष्य काढलेल्या एका मित्राला विचारून जे समजून घेतले, ते आपल्या कारागीर बांधवांसाठी येथे मांडत आहे.

आरसी कोणत्या गाडीची?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ या साऱ्याचे मूळ आहे. मूळ कारखान्याने गाडीचा जो तपशील दिला आणि जो आरसीवर उतरला, त्याच्याशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हीच गोष्ट पक्की केली. केरळ उच्च न्यायालयाने बॉडीतील काही बदलांना वाट दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घेता येते. सीएनजी किंवा बॅटरीचे मान्यताप्राप्त किट रीतसर परवानगीने बसवता येते. परंतु जिप्सीची सगळी बॉडी उतरवून तिच्या जागी दोन माणसांची उघडी मोटार उभी केली, तर ती जिप्सी राहत नाही. आरसी जिप्सीची आणि रस्त्यावर धावते ती दुसरीच वस्तू, असा प्रकार होतो.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही वाढली. कलम १८२ (अ) प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मालकापुरते हे झाले. त्याच कलमाच्या पहिल्या भागात उत्पादक, आयातदार आणि डीलर येतात. बांधणीच्या नियमांत न बसणारी गाडी विकली, सुपूर्द केली किंवा तशी बदलून दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड. आपला शेडवाला म्हणेल की, मी कुठे डीलर? पण कायद्यातील डीलर या शब्दाच्या व्याख्येत चासीवर बॉडी बांधणारा येतो, आणि गाड्या दुरुस्त करणाराही येतो. म्हणजे माझा भाचा त्यात आला, आणि चार लाख घातले असते तर त्याच्या मागोमाग मीही आलो असतो.

मग सगळेच नवीन बांधले, जुनी चासी घेतलीच नाही, तर? तर मार्ग आणखी लांब आहे. नव्या गाडीची नोंदणी होण्यासाठी आरटीओत विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला म्हणजे फॉर्म २२ लागतो. त्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे गाडीचा पहिला नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. गंमत अशी की, या संस्था आपल्याच अंगणात आहेत. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आहे, तिचे केंद्र चाकणलाही आहे. भोसरीत नाशिक रस्त्यावर सीआयआरटी आहे. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, लष्कराच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई आहे. पण त्यांच्या दारात जाणारा नमुना धूर, ब्रेक, दिवे, काच, पट्टा, धडक अशा कितीतरी कसोट्यांतून जातो. १ एप्रिल २०२० पासून धुराचा नियम बीएस ६ चा आहे. चारचाकीला एबीएस आणि एअरबॅग लागतात. समोरून व बाजूने धडक देऊन पाहण्याची परीक्षा ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेललाही लागू आहे. दोन गाड्यांच्या ऑर्डरसाठी हा खर्च कोणत्याही शेडला झेपणारा नाही.

जुना चेहरा असणे गुन्हा आहे, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. चाकणच्या बजाज कारखान्यातून २०२३ पासून ट्रायम्फची स्पीड ४०० ही मोटारसायकल निघते. गोल दिवा, जुन्या घाटाची टाकी. आतील इंजिन, ब्रेक आणि कागद मात्र आजचे. आपल्या राज्यात मोटारीचेही उदाहरण आहे. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने रोडस्टर नावाची दोन सीटची गाडी बांधली. तिचा घाट इंग्लंडच्या लोटस सेव्हनचा, बॉडी फायबरची, सांगाडा लोखंडी नळ्यांचा, आणि इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे, जे पुढे पुढे अँबेसेडरमध्ये येत असे.

न शिवलेला सूट

ही लोटस सेव्हन १९५७ साली कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनिअरने बाजारात आणली. तिची हकीकत व्यापाऱ्याला रुचेल अशी आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर मात्र नव्हता. म्हणून कंपनी गाडी सुट्या भागांत विकू लागली आणि गिऱ्हाईक ती घरी जोडून घेऊ लागला. आपण शिवलेला ड्रेस न विकता सूट-पीस विकतो, तसाच हा मामला. १९७३ मध्ये तेथे व्हॅट आला आणि ती सवलत संपली, पण शौक संपला नाही. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तिच्या नकला जगभर निघत राहिल्या.

इंग्लंडने घरी जोडलेल्या अशा एकेकट्या गाडीसाठी तपासणीची वेगळी व्यवस्था केली आहे. गाडी केंद्रावर न्यायची, अधिकारी ती भागाभागाने पाहतो, पास झाली तरच नोंदणी. जुने-नवे भाग मिसळून गाडीचे वय ठरत नसेल तर तिला 'क्यू' अक्षराचा नंबर मिळतो, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला पाटीवरूनच कळते. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने लहान कारखान्यांना वर्षाला ३२५ पर्यंत नकली जुन्या मोटारी बांधण्याची मुभा दिली आणि तिचे नियम २०२२ मध्ये लागू झाले. मूळ गाडी किमान २५ वर्षे जुनी असली पाहिजे, आणि धुराचा नियम मात्र आजचाच पाळावा लागतो. आपल्याकडे शेडमधल्या एका गाडीसाठी अशी वाट नाही. असावी की नाही, यावर चर्चा जरूर व्हावी. माझे मत असे की असावी, कारण कारागिरी येथे भरपूर आहे. पण नियम होईपर्यंत जे नाही ते नाहीच.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराची गोष्ट अनेकांना आठवत असेल. २०२१ च्या अखेरीस त्याने भंगारातून, सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. साऱ्या देशाने कौतुक केले. आनंद महिंद्र यांनीही केले, परंतु त्याच वेळी त्यांनी लिहिले की, ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. प्रत्येक कारागिराला बदल्यात बोलेरो मिळत नाही, हे सांगायला नकोच.

खुद्द महिंद्र कंपनीलाही नकलेचा प्रश्न चुकला नाही. तिची रॉक्सर ही जुन्या जीपच्या घाटाची गाडी २०१८ पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. ती तेथे रस्त्यासाठी नव्हतीच, शेतात आणि रानात चालवण्यासाठी होती. तरी जीपच्या मालक कंपनीने दावा केला, जून २०२० मध्ये निकाल महिंद्रविरुद्ध गेला, आणि घाट बदलल्यावरच डिसेंबरमध्ये विक्रीचा रस्ता मोकळा झाला. तेव्हा आपल्या शेडमध्ये बनलेल्या गाडीवर जॅग्वार किंवा एमजीचा बिल्ला ठोकणे म्हणजे पॉवरलूमच्या कापडाच्या किनारीवर दुसऱ्या मिलचा छाप मारणे होय. ते करू नये.

'मग खरीच जुनी आणू'

माझ्या भाच्याच्या गिऱ्हाइकाने पुढे हाच विचार मांडला. खरी जुनी मोटार आणू आणि लग्नात भाड्याने फिरवू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले, ते पाहिले. पहिल्या विक्रीपासून ५० वर्षांवरील, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी, जिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नाही, तीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे असतात. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी चालवता येत नाही. म्हणजे लग्नाचे भाडे येथेही बसत नाही.

आणि व्हिंटेज नसलेली, रीतसर कागदांची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली तरी परमिटचा प्रश्न येतो. विनापरमिट भाडे मारले तर कलम १९२ (अ) प्रमाणे १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. या गोष्टीकडे आपल्या मंडप आणि डेकोरेशनवाल्या बांधवांचे अजिबात लक्ष नसते.

रस्त्यावर काय होते

कायदा बाजूला ठेवू. मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला माझा मित्र शेडमध्ये आला, अर्धवट उभ्या असलेल्या गाडीभोवती दोनदा फिरला आणि खाली बसून पाहू लागला. त्याने दाखवलेल्या गोष्टी मी कधी विसरणार नाही.

जीप-जिप्सीला खाली स्वतंत्र चासी असते, त्यामुळे बॉडी उतरली तरी सांगाडा राहतो. पण काही जण मारुती ८०० घेऊन तिचे छप्पर कापतात. त्या गाडीला वेगळी चासी नसते. फरशी, खांब आणि छप्पर मिळूनच तिची ताकद असते. छप्पर कापले की डब्याचे झाकण काढल्यासारखे होते आणि खड्ड्यातून जाताना दरवाजे आपोआप उघडू लागतात. खालून दोन पाइप वेल्ड केल्याने ती ताकद परत येत नाही.

फायबरची बॉडी हलकी व सुबक असते, पण पत्रा मुडतो तशी ती मुडत नाही, फुटते. धडकेचा जोर पत्रा मुडताना जिरतो. भाच्याने पट्ट्याचा नट सरळ फायबरच्या फरशीत कसला होता. मित्र म्हणाला, जोराचा ब्रेक लागला तर पट्टा नटासकट बाहेर येईल. तो चासीला, लोखंडी प्लेट देऊनच जोडला पाहिजे. पुढची काच साधी बसवली होती. नियमाप्रमाणे समोरची काच थरांची, म्हणजे लॅमिनेटेडच असावी लागते, कारण साध्या काचेचे तुकडे सुरीसारखे चेहऱ्यावर येतात.

ब्रेकची गोष्ट मला सर्वांत नवी होती. मूळ गाडीचे ब्रेक तिच्या वजनाच्या हिशेबाने पुढे-मागे वाटलेले असतात. मागची बॉडी काढून वजन कमी केले की, तेच ब्रेक मागच्या चाकांना जास्त होतात. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते. शेडमध्ये गाडी अंगणात चालवून 'ब्रेक लागतो' म्हणतात, त्याने हे कळत नाही.

आणि उंची! लोटसच्या घाटाच्या गाडीत बसलेल्याचे डोके ट्रेलरच्या चाकाच्या आसपास येते. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला, तळेगाव चौकात, संध्याकाळी कंटेनरांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. उंच केबिनमधील ड्रायव्हरला अगदी शेजारी असलेली इतकी बुटकी गाडी दिसतच नाही. आत दूल्हा-दुल्हन असतात, पट्टा लावलेला नसतो, कारण शेरवानी चुरगळते.

माझा धंदा कापडाचा, म्हणून सीटबद्दल दोन शब्द. लग्नाच्या गाडीत मखमल, जरी, साटीन आणि स्वस्त फोम भरतात. मोटारीच्या आतील कापडासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे, त्यात कापड आडवे धरून ते किती वेगाने जळते ते मोजतात. अमेरिकेत ही मर्यादा मिनिटाला १०२ मिलिमीटर, म्हणजे चार इंच आहे. मी दुकानातील स्वस्त पॉलिस्टर मखमलीची पट्टी पेटवून पाहिली. ती वितळून थेंब थेंब खाली पडली आणि थेंबही जळत होते. खाली पेट्रोलची नळी असेल तर काय होईल? सीटमेकर बांधवांनी मोटारीसाठी म्हणून मिळणारे कापडच घ्यावे आणि व्यापाऱ्याकडून तसे बिलावर लिहून घ्यावे. मीटरमागे पैसे जास्त पडतात हे मला ठाऊक आहे.

विम्याचा भरवसा

'इन्शुरन्स काढलाय' हे वाक्य मी या काळात चार वेळा ऐकले. जिप्सीचा म्हणून विमा काढला आणि गाडी दुसरीच असली, बदल कंपनीला कळवलेला नसला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला सबळ कारण मिळते. २०१४ मध्ये नरिंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वैध नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर आणणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे. तेथे तर फक्त तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती! रस्त्यावरचा माणूस जखमी झाला तर त्याची भरपाई शेवटी मालकाच्या, आणि भागीदारी असेल तर भागीदाराच्याही अंगावर येऊ शकते.

एक एजंट भाच्याला म्हणाला होता, "होऊन जाईल, फक्त चासी नंबर जुना दिसला पाहिजे." नंबर घासणे आणि ठोकणे ही सरळ फसवणूक आहे. त्यात कैद आहे, आणि अशी कमाई हलाल कशी म्हणावी?

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर ज्या १८२ (अ) कलमाचा उल्लेख केला, त्यातच एक तरतूद अशी की, गाडी कोणत्या बाबतीत नियमांत बसत नाही हे विकणाऱ्याने विक्रीच्या वेळी समोरच्याला सांगितले होते, असे सिद्ध झाले तर त्याला त्या कलमाखाली शिक्षा होत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. मालातील ऐब सांगून विकावा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मात्र ऐब सांगितला म्हणून गाडी रस्त्यालायक होत नाही. ती रस्त्यावर आणणारा मालक जबाबदार राहतोच.

मग काम करायचे तरी काय? कायद्याच्या कलम २ (२८) मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून एक प्रकार वगळला आहे : फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन. लॉन, रिसॉर्ट, मोठे मंगल कार्यालय यांच्या फाटकाच्या आत चालणारी बॅटरीची जुन्या घाटाची गाडी यात बसते. फाटकाबाहेर शंभर पावले जरी गेली तरी ती सवलत संपते आणि विनानोंदणी गाडीचे कलम १९२ लागते. आतसुद्धा पाहुण्यांची मुले पळत असतात, तेव्हा वेग माणसाच्या चालीइतका बांधून टाकावा, हाताचा ब्रेक वेगळा द्यावा आणि बॅटरी सीटखाली मखमलीला लावून ठेवू नये. याशिवाय शोरूम, हॉटेल आणि फोटो स्टुडिओ यांच्यासाठी इंजिन नसलेली शोभेची बॉडी, आणि खऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांकडील दुरुस्तीचे काम आहे. त्या शेवटच्या कामात चांगल्या डेंटरची फार चणचण असते असे ऐकतो.

मी भाच्याला चार लाख दिले नाहीत, दीड लाख दिले, आणि अट घातली. गिऱ्हाइकाला बोलावून सगळे समोर मांडले. तो चिडला, दुसरीकडे करून घेतो म्हणाला, दोन आठवड्यांनी परत आला. दोनऐवजी एकच गाडी ठरली, बॅटरीवरची, लॉनच्या फाटकापासून स्टेजपर्यंत जाणारी. बयान्यातले पंचाहत्तर हजार परत केले. बिलावर 'सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहून त्याखाली त्याची सही घेतली. दुसऱ्या लॉनवर न्यायची असली तर गाडी टेम्पोवर चढवून नेतात. टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे, यावर त्या दोघांची बोलणी अजून चालू आहेत.